महागड्या संग्रहाकडून साध्या घडीच्या चाकूकडे : परत येण्याचा क्रम आणि वाटेतल्या चुका

घडीचे चाकू जमवणाऱ्या बहुतेकांचा प्रवास सारखाच होतो. पहिला चाकू स्विस कंपनीचा व्हिक्टोरिनॉक्स किंवा लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल. मग पोलादांची नावं पाठ होतात, बेअरिंगवर फिरणारं पातं एका हाताने उघडायची चटक लागते, आणि काही वर्षांनी खणात टायटॅनियमच्या मुठींचे दहा-बारा चाकू जमलेले असतात. त्यांतल्या एकानेही कधी पेरू चिरलेला नसतो. ओरखडा पडेल या धास्तीने पार्सल फोडायलासुद्धा आपण स्वयंपाकघरातली सुरी शोधतो. इथे पोचलं की तो पहिला साधा चाकू आठवतो.

परत यावं, जरूर यावं. पण बहुतेक जण उलट्या क्रमाने येतात. आधी रागारागाने महागडे चाकू विकून टाकतात, मग स्वस्त आहेत म्हणून एकदम पाच-सहा साधे मागवतात, डब्यातून काढले तसे वापरायला घेतात, आणि महिन्याभरात ‘शेवटी स्वस्त ते स्वस्तच’ म्हणून तोंड फिरवतात. मीही पहिल्या खेपेला हेच केलं. विकलेल्या दोन चाकूंची हळहळ आजही आहे.

मुळातली गोष्ट एवढीच की महागडा चाकू कारखान्यातून पूर्ण होऊन येतो आणि साधा चाकू अर्धवट येतो. सांधा, मूठ, धार यांचं शेवटचं काम मालकाने करायचं असतं. तो खटाटोप टाळला तर चाकूला दोष देऊन उपयोग नाही. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम असाच का, ते जागोजागी सांगितलं आहे.

टप्पा १ : चौदा दिवसांची नोंद

अजून काहीही मागवू नका. खिशात एक चिठ्ठी ठेवा. दिवसभरात काही कापायची वेळ आली की चार गोष्टी लिहा: काय कापलं, कुठे, ते ओलं होतं की कोरडं, आणि दुसरा हात मोकळा होता का.

माझ्या चिठ्ठीत पार्सलची टेप आणि पुठ्ठा सगळ्यांत जास्त वेळा आले. खालोखाल फळं, दुधाची पिशवी, सुतळी, पेन्सिल, कुंडीतल्या रोपाची बांधणी. यातल्या एकाही कामाला टायटॅनियम लागत नव्हतं, हे कागदावर दिसलं तेव्हाच नीट पटलं.

ओल्या, आंबट वस्तू जास्त असतील तर न गंजणारं पोलाद घ्यायचं. कोरड्या असतील तर कार्बन पोलाद चालेल. आणि दुसरा हात मोकळा नव्हता अशा नोंदी बऱ्याच असतील, म्हणजे तुम्ही शिडीवर उभे राहून काम करत असाल किंवा एका हातात दोर धरून ठेवावा लागत असेल, तर या लेखातले बहुतेक चाकू तुमच्यासाठी नाहीत. त्या कामाला तुमचा एका हाताने उघडणारा चाकूच योग्य आहे, तोच वापरा.

टप्पा २ : महागडे चाकू नीट ठेवून द्या, विकू नका

विक्री अगदी शेवटी आहे. आत्ता ते फक्त हाताआड करायचे. प्रत्येक चाकू कोरड्या फडक्याने पुसा, बोटांचे ठसे राहू देऊ नका. पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवा. शिलाई मशीनचं तेल चालतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

सावधान: चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. कमावलेल्या चामड्यात क्षार असतात आणि ते ओलावा धरून ठेवतं. चार महिन्यांच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, म्यानात राहिलेल्या चांगल्या चांगल्या पात्यांवर ठिपके पडतात.

सिलिका जेलचे दाणे रंग बदलणारे घ्या. निळे गुलाबी झाले की त्यांची ओलावा शोषायची ताकद संपली, ते तापवून पुन्हा वापरता येतात. डब्यावर तारीख टाका आणि डबा माळ्यावर ठेवा, हाताशी नको. हाताशी असला की जुनी सवय जिंकते.

टप्पा ३ : एकच चाकू निवडा

एकच. दोन घेतलेत की पुन्हा तुलना सुरू होते आणि कामाला कोणताच लागत नाही.

ओपिनेल क्रमांक ८: साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ, फिरवून पातं अडवणारं पोलादी कडं. पातं पातळ आहे, त्यामुळे फळं आणि भाजी चिरताना दुप्पट किमतीच्या जाड पात्यापेक्षा हे सहज आत जातं. क्रमांक वाढेल तसं पातं मोठं होतं: ७ मध्ये आठ सेंटिमीटर, ९ मध्ये नऊ, १० मध्ये दहा. कडं क्रमांक ६ पासून पुढेच असतं, म्हणून पहिला चाकू त्याहून लहान नको. पात्यावर ‘कार्बोन’ किंवा ‘इनॉक्स’ असं कोरलेलं असतं. ‘इनॉक्स’ म्हणजे न गंजणारं. मागवताना हा एक शब्द न वाचल्यामुळे किती जणांच्या हाती नको ते पोलाद पडलं आहे!

व्हिक्टोरिनॉक्स: पाती, कात्री, आरी असं सगळं एकत्र, नेहमीच्या लहान मॉडेलांना लॉक नाही, फक्त स्प्रिंगचा जोर. पोलाद तुलनेने मऊ आणि न गंजणारं. समुद्राकाठी राहत असाल किंवा चाकू पुसायचा आळस असेल तर डोळे झाकून हाच घ्या. अॅल्युमिनियमच्या मुठीचा ९३ मिलिमीटरचा पायोनियर मला सगळ्यांत टिकाऊ वाटतो. याला टप्पा ६ आणि ७ लागत नाहीत.

मर्केटर: जर्मनीतल्या झोलिंगेनचा, पत्रा दुमडून केलेल्या मुठीचा, लॉकचा. खिशात जवळजवळ जाणवत नाही. हातात मात्र मूठ बारीक आणि टणक लागते. अर्धा तास लाकूड तासायला हा नको.

हिगोनोकामी: जपानमधल्या मिकी गावचा. ना लॉक, ना स्प्रिंग. पात्याच्या मागच्या शेपटीवर अंगठा दाबून पातं उघडं ठेवायचं. पेन्सिल आणि लाकूडकामाला याची धार फार सुंदर. पण पहिला चाकू म्हणून मी सुचवणार नाही, कारण अंगठा सुटला की बोट कापतं.

ठरत नसेल तर चिठ्ठी पुन्हा वाचा. कोरडी कामं आणि थोडी निगा राखायची तयारी असेल तर ओपिनेल कार्बन. फळं जास्त असतील तर ओपिनेल इनॉक्स. बाकी सगळ्यांना व्हिक्टोरिनॉक्स.

कायद्याचं भान: केंद्राच्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि वरचे सगळे चाकू त्यापेक्षा बरेच लहान आहेत. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश निघतो, तेव्हा त्यात सुऱ्या-चाकूही येतात. सण आणि निवडणुकांच्या दिवसांत चाकू घरी ठेवा. विमानात केबिनच्या सामानात नेऊ नका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी लक्षात ठेवा: तिथे सबळ कारण नसताना ३ इंचांपर्यंतच्या धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकूच जवळ बाळगता येतो. ओपिनेल ८ लांबीतही बसत नाही आणि त्याला लॉकही आहे. तिथे लॉक नसलेला व्हिक्टोरिनॉक्सच घ्या.

टप्पा ४ : डबा उघडल्यावरची तपासणी

काहीही कापायच्या आधी हे करा. एकदा पुठ्ठा कापला की विक्रेता चाकू परत घेत नाही.

पातं उघडून डोळ्यासमोर धरा आणि पाठीवरून टोकाकडे पाहा, सुतार फळी पाहतो तसं. वाक दिसला तर परत करा. कडं दोन्ही बाजूंना पूर्ण फिरतंय का पाहा. लॉक लावून पातं वर-खाली आणि आडवं हलवा. खडखड येता कामा नये. कड्याजवळच्या लाकडात उभी चीर असेल तर परत. मग पातं मिटून फटीतून उजेडाकडे पाहा: धार तळाच्या लाकडाला टेकते का? टेकत असेल तर दर वेळी मिटताना ती बोथट होणार.

एक गैरसमज दूर करतो. मिटलेलं पातं फटीच्या अगदी मधोमध नसेल तर ओपिनेलमध्ये तो दोष धरायचा नाही. लाकडाच्या मुठीत एवढं होतंच. धार बाजूच्या लाकडाला घासत नसेल तर सोडून द्या. टायटॅनियमच्या मापाने लाकूड मोजलं की समाधान कधीच होत नाही.

टप्पा ५ : हात बसवणे

हा टप्पा लोक गाळतात, म्हणून तो धार लावायच्या आधी ठेवला आहे. एका हाताने चाकू उघडायची सवय लागलेल्या माणसाचं बोट साध्या चाकूवर हमखास कापतं. जुना हात अंगठ्याने पातं ढकलू पाहतो, आणि मिटताना बोटं धारेच्या वाटेत ठेवतो.

धारेवर कागदी टेपची दुहेरी पट्टी लावा. आता डाव्या हाताने पात्याची पाठ चिमटीत किंवा नखाच्या खाचेत धरून उघडा, कडं फिरवा. मिटताना आधी कडं मोकळं करा, मुठीवरची चारही बोटं फटीच्या बाहेर आहेत हे पाहा, मग दुसऱ्या हाताच्या तळव्याने पाठ ढकला. मिटल्यावर कडं पुन्हा फिरवा. मिटलेलं पातंही त्याने अडतं आणि खिशात उघडत नाही. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगने झटकन बंद होतं, तेव्हा ते अर्ध्यावर आलं की बोटं कुठे आहेत ते थांबून पाहा.

तपासा: पन्नास वेळा उघडमीट केल्यावर टेपवर एकही काप किंवा बोटाचा दाब दिसत नसेल तर पुढे जा. दिसत असेल तर उद्या पुन्हा.

टप्पा ६ : सांधा आणि मूठ (फक्त लाकडी मुठीसाठी)

ओपिनेलबद्दलची सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे पावसाळ्यात पातं अडकणं. त्याचं कारण साधं आहे. मुठीला बाहेरून वार्निश असतं, पण आतली फट आणि सांध्याजवळचं लाकूड कोरडंच असतं. ते हवेतला ओलावा पितं, फुगतं आणि पातं दोन्ही बाजूंनी आवळतं. म्हणून काम आतून करायचं.

आधी पात्यावरचं कारखान्याचं तेल भांडी घासायच्या साबणाने काढा. मूठ पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पातंच पुसा. मग चाकू दोन-तीन दिवस कोरड्या, हवेशीर जागी उघडा ठेवा. ओलं लाकूड बंदिस्त केलं तर आतला ओलावा आतच राहील.

आता व्हॅसलिन घ्या. साध्या पेट्रोलियम जेलीचा बोटभर गोळा सांध्याच्या फटीत, पात्याच्या दोन्ही बाजूंना भरा. केस वाळवायच्या ड्रायरने एखादा मिनिट गरम हवा द्या; जेली पातळ होऊन लाकडात शिरते. पातं चार-पाच वेळा हलवा, पुन्हा भरा, पुन्हा तापवा. तीन फेऱ्या पुरतात. रात्रभर उघडा ठेवून सकाळी बाहेर आलेलं पुसा. खाण्याच्या वस्तू कापणार असाल तर औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिनही चालतं.

खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल सांध्यात घालू नका. घरात असतं म्हणून सगळे तेच घालतात, आणि काही काळाने ते खवट होऊन चिकट होऊ शकतं. पातं आधीपेक्षा घट्ट होतं आणि दोष चाकूला जातो.

बाहेरून वार्निश नको वाटत असेल तर बारीक सँडपेपरने ते काढून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस सोडून. मूठ हाताला ऊबदार लागते, मला हेच आवडतं. पण हे हौसेचं काम आहे, सांध्याचं काम गरजेचं.

सावधान: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि घडी केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं उघडं पसरून घराबाहेर वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

इतकं करूनही भर पावसात पातं अडकलं तर पक्कड लावू नका. कडं मोकळं आहे ना ते पाहा, चाकू मिटलेल्या अवस्थेत हातात धरा आणि मुठीचं मागचं टोक लाकडी पाटावर ठोका. पातं स्वतःच्या वजनाने थोडं बाहेर येतं, मग बोटांनी उघडा. ओपिनेल जिथला, त्या फ्रान्समधल्या साव्वा प्रांतातली ही जुनी युक्ती आहे. आणि पावसाळ्यात फट तासून रुंद करू नका. तेव्हा तासलेली फट जानेवारीत लाकूड सुकल्यावर सैल पडते.

टप्पा ७ : काळी छटा (फक्त कार्बन पोलादासाठी)

केळफूल किंवा आवळा लोखंडी विळीवर चिरला की विळी काळी होते, हे आपल्या घरांतून सगळ्यांना माहीत आहे. कार्बन पोलादाच्या पात्याचंही तसंच होतं, आणि ते हवं असतं. राखाडी, निळसर, काळा थर पोलादाला घट्ट चिकटलेला असतो आणि लाल गंजाला बराच आवर घालतो. तो घासून काढून पातं रोज आरशासारखं करणारे लोक स्वतःच्या हाताने गंजाला दार उघडतात.

थर दोन प्रकारे येतो. एक, वापरातून: दोन-तीन आठवडे कांदा, आंबा, पेरू कापा, लगेच पुसा. रंग ठिगळाठिगळांचा येतो आणि तो तुमच्या वापराचा असतो. मी हीच वाट सुचवतो. दोन, घाई असेल तर: पातं साबणाने आणि मग स्पिरिटने पुसून पूर्ण तेलमुक्त करा, टिश्यू कागद पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून पात्याला गुंडाळा, वीस-तीस मिनिटांनी काढा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, तेलाचा हात द्या. हवं तर पुन्हा एकदा. व्हिनेगर सांध्यात जाऊ देऊ नका, म्हणून टोक खाली ठेवा.

व्हिनेगर धारेची कडही खातं. म्हणूनच हा टप्पा धारेच्या आधी आहे. आधी धार लावून मग व्हिनेगर लावणाऱ्यांची मेहनत अर्ध्या तासात वाया जाते.

तपासा: बोट फिरवल्यावर काळं-राखाडी काही हाताला लागत नसेल तर थर चांगला बसला. लाल-भगवी पूड लागली तर तो गंज आहे. तेल आणि अगदी बारीक पोलादी लोकरीने काढा. पहिले काही दिवस फळाला लोखंडाची चव येते, थर बसला की ती कमी होते.

टप्पा ८ : धार

सगळा खेळ इथे आहे. साध्या चाकूची कारखान्यातली धार कामचलाऊ असते आणि लोक तिच्यावरूनच मत बनवतात. खरं तर याच बाबतीत साधं पोलाद महागड्याच्या पुढे जातं. महागड्या पावडर पोलादांत (धातूची पूड दाबून, तापवून बनवलेल्या) बहुधा व्हॅनेडियमचे अतिकठीण कण असतात, साध्या दगडाच्या कणांहूनही कठीण, त्यामुळे धार गेली की हिरा-कणांच्या पट्ट्या लागतात. ओपिनेल आणि व्हिक्टोरिनॉक्सच्या पोलादात ते नसतात. धार लवकर जाते हे खरं, पण साध्या दगडावर दहा मिनिटांत परत येते.

साहित्य: हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दुहेरी (एक बाजू भरड, एक बारीक) कार्बोरंडमचा दगड, शक्य असल्यास १००० नंबरचा, म्हणजे आणखी बारीक कणांचा, पाण्याचा दगड, काळा मार्कर, जुना चामडी पट्टा. दगडावर पाणी वापरा किंवा तेल, पण एकदा तेल घातलेल्या दगडावर पुन्हा पाणी नीट चालत नाही. दगड जाड फळीवर ठेवा, खाली ओलं फडकं. फळी यासाठी की ओपिनेलचं कडं आणि तुमची बोटं दगडाच्या कडेबाहेर मोकळी राहावीत. कडं दगडाला लागलं की मुठीजवळची धार कधीच लागत नाही.

१) दोन्ही बाजूंना धारेच्या उतारावर मार्कर फिरवा.

२) पातं दगडावर ठेवून पाठ उचला. किती, हे नेहमी विचारलं जातं. पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश. पातं १८ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ ६ मिलिमीटर वर. याने कोन २० अंशांच्या जवळ येतो. एक चतुर्थांश उचलली तर १५ अंशांच्या जवळ. फक्त फळं कापणार असाल तरच तिथे जा.

३) दोन घासण्या करा आणि मार्कर पाहा. शाई धारेच्या अगदी कडेवरून गेली असेल तर कोन बरोबर. वरच्या भागातूनच गेली तर पाठ थोडी अजून उचला.

४) एका बाजूने हलक्या दाबाने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत बारीक खरखरीत किनार बोटाला लागत नाही. वर्कशॉपमध्ये याला ‘बर’ म्हणतात. बोट पाठीकडून धारेकडे फिरवून पाहा, धारेवरून लांबीच्या दिशेने कधीही नाही.

५) बर पूर्ण लांबीला आली की बाजू बदला. मग दर वेळी बाजू बदलत, वजन कमी करत, दहा-पंधरा घासण्या. शेवटच्या नुसत्या पात्याच्या वजनाने.

६) चामड्याच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पातं पाठीच्या दिशेने ओढा, न्हावी वस्तरा ओढतो तसं. प्रत्येक बाजूला वीस वेळा.

चौथी पायरी अर्धवट सोडणं ही धारेतली सगळ्यांत मोठी चूक. बर मधल्या भागातच आली, टोकाला आली नाही, तरी माणूस बाजू बदलतो. मग चाकू मधे कापतो, टोकाला घसरतो, आणि पोलाद वाईट ठरतं. धीर धरा, टोकाकडे जाताना मूठ किंचित उचला म्हणजे गोलाईवर कोन टिकतो.

संग्रहाच्या काळात घेतलेल्या भरड हिऱ्याच्या पट्ट्या इथे वापरू नका. मऊ पोलाद त्यावर भराभर झिजतं, वर्षभरात पातं अरुंद होतं. आणि सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याला विळी, कोयता जरूर द्या, तो त्याचं काम उत्तम करतो; पण ओपिनेलसारखं पातळ पातं कोरड्या चाकावर पटकन तापतं. धारेजवळ निळसर छटा आली की तेवढ्या भागातलं पोलादाचं पाणी उतरलं, तिथे धार टिकणार नाही.

तपासा: वर्तमानपत्राचं पान हातात लोंबतं धरून वरून खाली कापा. पूर्ण लांबीत कुठेही न अडकता, न फाडता कापलं पाहिजे. मग पिकलेल्या टोमॅटोवर पातं नुसतं ठेवून ओढा. दाब न देता साल तुटली तर काम झालं.

टप्पा ९ : तीस दिवस तोच चाकू

आता चिठ्ठीवरची सगळी कामं याच चाकूने. माळ्यावरचा डबा उघडायचा नाही.

रोज रात्री पातं पुसा, कार्बन असेल तर आठवड्यातून एकदा तेलाचं बोट. दर तीन-चार दिवसांनी चामडी पट्ट्यावर दहा-दहा ओढी. धार पूर्ण जाईपर्यंत थांबू नका. महागड्या पोलादाला महिनोन्‌महिने धार लावावी लागत नाही, ती सवय इथे मोडावी लागते. पट्ट्यावर ओढ घ्यायला दोन मिनिटं लागतात, माझी ती रात्रीच्या जेवणानंतर होते आणि मला ती दोन मिनिटं आवडतात.

पात्याने डब्याचं झाकण उचकटू नका, स्क्रू फिरवू नका, लाकडात खुपसून पिळू नका. पातळ पातं कापायला आहे, टोक मोडतं ते पिळल्यानेच. चाकू सिंकमध्ये भांड्यांबरोबर टाकू नका. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण अडकलेले अर्धे ओपिनेल रात्रभर सिंकमध्ये भिजलेले असतात.

तपासा: पंधराव्या दिवशी मनात बघा. चाकूवर पडलेला पहिला ओरखडा पाहून वाईट वाटलं का? नसेल वाटलं तर तुम्ही परत पोचलात. धार कमी पडते असं वाटत असेल तर नवा चाकू शोधण्याआधी टप्पा ८ मधली चौथी पायरी पुन्हा करा.

टप्पा १० : आता डबा उघडा

तीस दिवसांनी चाकू समोर मांडा आणि तीन वाटे करा. पहिल्यात, या महिन्यात ज्याची नाव घेऊन आठवण आली तो. दुसऱ्यात, चिठ्ठीतल्या एखाद्या कामाला साधा चाकू खरोखर कमी पडला आणि जो ते करू शकतो तो. तिसऱ्यात, जे डब्यात आहेत हेच विसरला होतात ते.

विक्री तिसऱ्या वाट्यातूनच, आणि एका वेळी एकच. पहिल्या वाट्याला हात लावू नका. आवडीने ठेवलेला एखादा महागडा चाकू असण्यात काहीच वावगं नाही. वापरात आणा म्हणजे झालं. आलेल्या पैशातून लगेच दुसरे साधे चाकू घेऊ नका. मी स्वतःला घातलेली अट अशी की हातातल्या पात्याला निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाल्याशिवाय दुसरा नाही. दोन्ही ऋतूंत लाकूड आणि पोलाद कसं वागतं ते कळायला तेवढा काळ लागतोच.

विकताना मूळ डबा आणि कागद सोबत द्या. धार नव्याने लावून देऊ नका. घेणाऱ्याला कारखान्याची धार असेल तर जास्त भाव द्यावासा वाटतो, आणि तुमची धार त्याला पसंत पडेलच असं नाही. ओरखडे, ठिपके, सैल स्क्रू जवळून फोटो काढून आधीच दाखवा. कुरिअरवाला चाकू स्वीकारतो का ते आधी विचारा, सगळे स्वीकारत नाहीत. पॅक करताना चाकू मिटवून कागदात गुंडाळा आणि टेप कागदावर लावा, मुठीवर नको, डिंकाचे डाग निघत नाहीत. रिकामी झालेली जागा डब्यात तशीच राहू द्या आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलून झाकण घट्ट लावा.